वॅगन आरचे चार स्पीकर : पोलॅरिटी (अधिक-उणे तारांची दिशा) तपासणीच्या नोंदी

२१ सप्टेंबर

हे काम वेगळ्या वहीत लिहायला घेतलं. दुकानाच्या वहीत लोकांच्या पंपांच्या मोटरींचे हिशेब असतात, त्यात घरचं काम मिसळायला नको.

गाडी वॅगन आर, जुनी घेतलेली. पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची स्पीकर, मागे पार्सल ट्रेवर, म्हणजे मागच्या सीटमागच्या फळीवर, सहा बाय नऊचे लंबगोल दोन. चारही आधीच्या मालकाने बसवलेले. जुना स्टिरिओ अडकायला लागला म्हणून पोळ्याच्या आधी शहरातल्या एका दुकानातून नवा बसवून आणला. तेव्हापासून आवाज पोकळ झाला. मोठा होतो, पण भरत नाही. बास पूर्ण चढवला की दाराचा पत्रा थरथरतो, अंगाला काही लागत नाही. स्पीकर जुने झाले असतील असं धरून मी महिनाभर तो विषय बाजूला ठेवला.

आज बाबांना आर्वीला नेलं होतं. परत येताना त्यांनी तुकडोजी महाराजांचं भजन लावायला सांगितलं. अर्धा रस्ता गप्प बसून ऐकलं, मग म्हणाले, "आवाज मधात नाई रे. महाराज कुठं बसले तेच समजत नाई." थोड्या वेळाने पुन्हा, "खंजिरीचं चामडं गेलं, नुसत्या झांजा राहिल्या."

बाबा चाळीस वर्षं गावच्या मंडळात खंजिरी वाजवतात. त्यांना स्पीकरमधलं काही कळत नाही, खंजिरीतलं सगळं कळतं. थापेचा आवाज खालचा, झांजांचा वरचा. खालचा गेला आणि वरचा राहिला, वर आवाजाची जागा हरवली. हे स्पीकर जुने झाल्याचं लक्षण नाही. स्पीकर एकमेकांचा आवाज खात आहेत. एखाद्याच्या तारा उलट्या लागल्या आहेत.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. थ्री फेज पंपाच्या दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. पाणी पार बंद होत नाही, थोडं येतं. शेतकरी म्हणतो विहीर आटली, पाइप फुटला, मोटर कमजोर झाली. मोटरला काही झालेलं नसतं.

कोजागिरीनंतरच्या पंचमीला मोझरीला जायचं आहे, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला. त्याआधी हे नीट झालं पाहिजे.

२२ सप्टेंबर, रात्री

काही न उघडता आधी कानाने तपासायचं ठरवलं. त्यासाठी असा आवाज लागतो जो डावीकडे आणि उजवीकडे हुबेहूब सारखा असेल, म्हणजे मोनो. आजकालची गाणी स्टिरिओ असतात. त्यात वाद्यं मुळातच इकडे-तिकडे वाटलेली, त्यामुळे फसायला होतं.

मोनोसाठी हाताशी दोन गोष्टी निघाल्या. एक आकाशवाणी नागपूर, मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ. मीडियम वेव्हचं प्रसारण मोनोच असतं आणि नव्या स्टिरिओत तो बँड आहे. इंजिन बंद ठेवून ऐकायचं, नाहीतर खरखर येते. दुसरी बाबांचीच भजनाची फाइल. महाराज १९६८ साली गेले, त्यामुळे ध्वनिमुद्रण त्या आधीचं, म्हणजे मोनोच असणार. तरी खात्री केली. फोनवरच्या ऑडिओ एडिटरमध्ये एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळला, तर पडद्यावर सरळ रेघ उरली. म्हणजे दोन्ही चॅनल एकच. ती सपाट रेघ बघताना वाटलं, माझ्या गाडीत रोज हेच घडतंय.

मग बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) फिरवत ऐकलं. गाडी अंगणात, काचा बंद, मी चालकाच्या सीटवर.

फेडर पूर्ण पुढे. बॅलन्स मधोमध असताना बास नाही. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, एकच स्पीकर उरला, आणि बास आला. उजवीकडे नेला, पुन्हा आला. एकेकटे चांगले वाजतात, जोडीने वाजले की थाप जाते. म्हणजे पुढचे दोघे एकमेकांच्या विरुद्ध.

फेडर पूर्ण मागे. बॅलन्स मधोमध असतानाच बास भरपूर. मागचे दोघे एकमेकांशी जुळलेले.

फेडर मधे ठेवून बॅलन्स पूर्ण उजवीकडे: चांगला. पूर्ण डावीकडे: थाप गेली.

एकत्र मांडलं तर उजवा पुढचा, उजवा मागचा आणि डावा मागचा हे तिघे एका दिशेचे, डावा पुढचा एकटा वेगळा. पण यावरून डावा पुढचाच चुकीचा असं ठरत नाही. कानाने एवढंच कळतं की कोण कोणाशी जुळतो. बरोबर कोण, हे स्पीकरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, बघितल्याशिवाय कळणार नाही.

२३ सप्टेंबर

बायकोने विचारलं, बासच का जातो, सगळाच आवाज का जात नाही? प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. खंजिरीची थाप ८० हर्ट्झच्या आसपासची धरली, तर तिची एक लाट चार मीटरच्या वर भरते. गाडीत एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सव्वा मीटर. एवढ्या लांब लाटेला दोन्ही स्पीकर जवळजवळ एकाच जागी असल्यासारखे. एक हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ओढतो, आणि जिथे बसाल तिथे हिशेब शून्याकडे जातो. झांजेचा आवाज ५००० हर्ट्झचा असेल तर त्याची लाट सात सेंटिमीटर. ती कुठे मिळते, कुठे मिटते. डोकं बोटभर हललं तरी बदलते, त्यामुळे कान तिला हरवल्यासारखं धरत नाही. फक्त ती कुठून येते हे कळेनासं होतं. बाबांच्या दोन्ही तक्रारी यात आल्या.

२४ ते २७ सप्टेंबर

सोयाबीनची सोंगणी. गाडीला हात लावला नाही.

२८ सप्टेंबर

सेलने तपासणी. साधा पेन्सिल सेल, दीड व्होल्टचा, आणि दोन तारा.

गाडीच्या बॅटरीची उणे तार काढली. मग स्टिरिओ पुढे ओढून मागचं सॉकेट सोडवलं. हे सॉकेट सोडवणं टाळायचं नाही. स्टिरिओ जोडलेला असताना स्पीकरच्या तारांवर सेल लावला तर तो त्याच्या आतल्या अँप्लिफायरच्या आयसीवरही (चिपवरही) जातो. नव्या स्टिरिओची ती महागडी जागा आहे.

तारांचे रंग बहुतेक नव्या स्टिरिओंना सारखेच असतात. पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा. साधा रंग अधिक, त्याच रंगावर काळी रेघ असेल ती उणे.

सेलचं अधिक टोक साध्या रंगाला, उणे टोक काळ्या रेघेच्या तारेला. टेकवायचं आणि लगेच उचलायचं. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीन ओहम दाखवतो. दीड व्होल्टने त्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षा थोडी कमी वीज जाते, क्षणभराला काही होत नाही. पण धरून ठेवलं तर कॉइल उगाच तापते. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल काही जण वापरतात. मी वापरणार नाही. दीड व्होल्टने पुरेसं दिसतं. सुटा ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असेल तर त्याला सेल लावूच नये. माझे स्पीकर एकातएक ट्विटरचे आहेत, त्यांच्या ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो डीसी, म्हणजे सेलची एकाच दिशेची वीज, अडवतो. त्यामुळे मोठा कोन एकटाच हलतो.

मी पुढे सेल टेकवणार, मग मागचा कोन कोण बघणार? फोन ट्रेवर उभा करून व्हिडिओ लावला आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोललो, "हिरवा… जांभळा…" म्हणजे नंतर घोळ नको. पुढच्या दारांची जाळी काढून बॅटरीचा उजेड तिरका टाकला. तिरक्या उजेडात मधल्या टोपीची सावली हलते, तीवरून दिशा नेमकी कळते. नुसतं समोरून बघितलं तर "हलला" एवढंच कळतं.

निकाल:
पांढरा, पुढचा डावा: बाहेर.
राखाडी, पुढचा उजवा: आत.
हिरवा, मागचा डावा: आत.
जांभळा, मागचा उजवा: आत.

कानाने काढलेली जुळणी बरोबर निघाली, अर्थ उलटा निघाला. एकटा पडलेला डावा पुढचाच सरळ आहे. तिघे मिळून चुकीचे आहेत.

३० सप्टेंबर

भाचा पुलगावहून दसऱ्यासाठी आला. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष. वही वाचली आणि लगेच म्हणाला, "मामाजी, तिघं एकीकडं अन् एक एकीकडं. त्या एकालेच पलटवून टाका नं. पाच मिनटाचं काम हाय."

मी म्हटलं, "चारही उलटे होतीन."

"होऊ द्या. एकमेकाशी तं जुळतीन. बास येऊन जाईन."

त्याचं म्हणणं खोटं नाही, हे मला मान्य करावं लागलं. चारही स्पीकर एकाच वेळी उलटे असले तर सगळे मिळून ढकलतात आणि सगळे मिळून ओढतात. थाप परत येते, आवाज मधोमध बसतो, कानाला फरक सापडणं फार कठीण. बाबांनाही कळणार नाही.

तरी मी ते करणार नाही. तसं केलं तर गाडीतली प्रत्येक खूण खोटी होते. पुढच्या वर्षी एक स्पीकर फाटला आणि नवा बसवला, तर बसवणारा रंग बघून सरळ जोडेल, आणि बास पुन्हा जाईल. तो बिचारा आपलं काम बरोबर करून चुकीचा ठरेल. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये यू-वनच्या जागी यू-टूचा टॅग, म्हणजे कॉइलच्या आरंभाला अंताची खूण, लावून मोटर देणारे रिवाइंडर मी पाहिले आहेत. मोटर त्या दिवशी चालते. पुढे ती टोकं स्टार-डेल्टा पद्धतीने जोडायला जो बसतो त्याच्या हातून कॉइल जळते.

भाच्याने ऐकून घेतलं. पटलं की नाही माहीत नाही, पण दाराचं पॅड काढायला तोच आधी बसला.

२ ऑक्टोबर, दसरा

अवजारांची पूजा. मीटर, सोल्डरिंगची कांडी, पकड, सगळं पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. आज त्यांना काम नाही. भाच्याने तो पेन्सिल सेलही पाटावर ठेवला. बाबांना ते आवडलं.

३ ऑक्टोबर

पुढचा उजवा.

दाराच्या आत स्पीकरच्या टर्मिनलवर सेल लावला, रुंद पट्टीला अधिक, अरुंद पट्टीला उणे. कोन बाहेर आला. स्पीकर स्वतः बरोबर. चूक वाटेत आहे. मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून तार टोकापासून टोकापर्यंत मोजली. दारातली तार सरळ, स्टिरिओमागच्या जोडात राखाडी आणि राखाडी-काळी एकमेकींच्या जागी. नुसत्या पिळलेल्या तारा, वरून टेप. शेजारचा पांढऱ्याचा जोड बरोबर होता. घाईत चिमूटभर उजेडात राखाडीवरची काळी रेघ दिसली नसेल, एवढंच.

जोड कापला, तारा बदलल्या, डाग दिला, स्लीव्ह चढवली. सेल लावला: बाहेर.

भाच्याने एक चांगला प्रश्न काढला. स्टिरिओ चालू करून त्याने स्पीकरच्या अधिक तारेवर बॉडीच्या हिशेबाने व्होल्टेज मोजलं, सहाच्या जरा वर आलं. उणे तारेवर मोजलं, तेवढंच. "मामाजी, उणेवर सहा व्होल्ट कायले?" आजच्या स्टिरिओत प्रत्येक स्पीकरला दोन अँप्लिफायर दोन्ही बाजूंनी चालवतात आणि दोघेही बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर उभे असतात. दोन तारांमध्ये मोजलं तर जवळपास शून्य, तेच बघायचं. म्हणून इथे उणे म्हणजे अर्थिंग नव्हे. ती तार बॉडीला टेकली तर आउटपुट जातो. जुन्या जीपगाड्यांत स्पीकरची एक तार पत्र्याला बांधलेली असायची, ती सवय इथे चालत नाही. भाच्याला हे वहीत लिहायला लावलं. वरची तीन वाक्यं त्याची आहेत, मी फक्त शब्द नीट केले.

फेडर पुढे ठेवून भजन लावलं. थाप आली. मधोमध अजून नीट ऐकलं नाही, बाबा झोपले होते.

४ ऑक्टोबर

मागचे दोन. आज चुकलो, ते जसं झालं तसं लिहितो.

मागची सीट उचलली. स्टिरिओकडून येणारी तार तिथपर्यंत येते, पुढे लाल-काळी दुहेरी तार जोडून ट्रेपर्यंत नेलेली. डावीकडचा जोड उघडला: हिरव्याला काळी, हिरव्या-काळ्याला लाल. उलटा. चूक सापडली. बदलला, डाग दिला. उजवीकडचा जोडही त्याच माणसाच्या हातचा दिसत होता, तशीच टेप, तसाच पीळ, म्हणून तिथेही तीच चूक असणार असं आधीच ठरवून टाकलं. उघडला तर जांभळ्याला लाल, जांभळ्या-काळ्याला काळी. सरळ.

इथे थांबून २८ तारखेचा व्हिडिओ परत बघायला हवा होता. त्यात जांभळा आत जाताना स्पष्ट दिसतो. पण लाइन गेली होती, भाच्याच्या हातातली बॅटरी मंद झाली होती, आणि रंग जुळताना दिसले. मी रंगांवर विश्वास ठेवला. बघताना काही गोंधळ झाला असेल म्हणालो आणि टेप गुंडाळली.

मग फेडर मागे घेऊन लावलं. मागची जोडी आजपर्यंत एवढी चांगली वाजत होती, तिचीच थाप गेली. दुरुस्तीनंतर आवाज पहिल्यापेक्षा वाईट.

भाचा काही बोलला नाही. मीही नाही. जेवायला उठलो.

५ ऑक्टोबर

सकाळी उजेडात बसलो, डोकं थंड होतं.

मागचा उजवा स्पीकर ट्रेवरून उतरवला. तारा काढून थेट त्याच्या टर्मिनलवर सेल लावला, लाल ठिपक्याच्या रुंद पट्टीला अधिक. कोन आत गेला. पुन्हा लावला, पुन्हा आत. मागच्या डाव्याला तसाच लावला, बाहेर.

खात्रीसाठी दुसरी रीत. काट्याचा मीटर सगळ्यात खालच्या डीसी रेंजवर, लाल पिन अधिकच्या पट्टीला, काळी उणेला. कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच सरळ आत दाबायचं, तिरकं नाही, नाहीतर कॉइल घासते. कोन दाबला की कॉइल मॅग्नेटमध्ये सरकते आणि क्षणभर वीज तयार होते. बरोबर खुणेच्या स्पीकरवर आत दाबताना काटा शून्याच्या उलट बाजूला जातो. डाव्यावर काटा उलटा गेला. उजव्यावर सुलटा उसळला.

मोटरची सहा टोकं निघाली आणि टॅग गळाले असले की आरंभ-अंत ओळखायला आम्ही हेच करतो. एका वाइंडिंगला सेलचा झटका, दुसऱ्यावर काट्याचा झटका, दिशा लिहून घ्यायची. पंधरा वर्षं मोटरवर हे करतोय. काल मात्र ते न करता तारेचा रंग बघून उठलो.

स्पीकर उलटा करून पाहिला. कधीतरी त्याचा कोन आणि कॉइल बदललेली आहे. किनारीचा गोंद नवा, फ्रेम जुनी. टर्मिनलपासून कोनाकडे दोन लवचीक तारा जातात, विणलेल्या, त्या दुरुस्ती करताना अदलाबदल करून डागल्या आहेत. म्हणजे बाहेरची खूण कारखान्याची आणि आतली जोडणी उलटी.

आता पहिल्यापासूनचा सगळा हिशेब लागतो. डाव्या मागच्याच्या जोडात चूक, उजव्या मागच्याच्या पोटात चूक. दोन वेगळ्या चुकांमुळे दोघेही उलटे, म्हणून एकमेकांशी जुळलेले. मी एकाची चूक काढली आणि जोडी मोडली.

दुरुस्ती कुठे करायची? तारांची पट्टी फिरवता येत नव्हती, एक टर्मिनल रुंद आणि एक अरुंद, थिंबल (तारेच्या टोकाची पत्र्याची खोबण) उलटं बसतच नाही. ते तसं ठेवलेलं असतं ते याचसाठी. थिंबल कापून उलट्या मापाचं लावता आलं असतं. पण मग खोटी खूण तशीच राहिली असती. म्हणून आतल्या लवचीक तारा सोडवून आपापल्या जागी डागल्या. पंचवीस वॅटची कांडी, टोक स्वच्छ, दोन सेकंदांत उचलली. या विणलेल्या तारेत सोल्डर वर चढू द्यायचं नाही. चढलं की तार ताठ होते आणि कोन हलता हलता तिथेच तुटते. भाच्याने तार चिमट्याने धरली, उष्णता चिमट्यात उतरली.

सेल: बाहेर. काटा: उलटा. ओहम ३.५, तुटफूट नाही.

चारही पुन्हा स्टिरिओच्या सॉकेटपासून तपासले, भाचा सेल टेकवणार, मी बघणार. पांढरा बाहेर, राखाडी बाहेर, हिरवा बाहेर, जांभळा बाहेर.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर दूध. काम नाही. भाचा उद्या पुलगावला जाणार. तो मीटर बघून म्हणाला, कॉलेजात सरांना हा काट्याचा प्रयोग दाखवतो.

८ ऑक्टोबर

संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं. त्यांनी आधीच काही ठरवून टाकू नये म्हणून काय केलं ते सांगितलं नाही. बॅलन्स मधोमध, फेडर किंचित पुढे, बास शून्यावर. आधी आकाशवाणी लावली, बातम्या चालू होत्या. निवेदकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधून येतोय असं मला वाटलं, पण मी गप्प राहिलो. मग भजन लावलं.

पहिल्या थापेला बाबांचा हात मांडीवर पडला. ते ऐकत राहिले, मान खाली. कडवं संपल्यावर त्यांनी बोट पुढे केलं आणि डॅशबोर्डच्या मधोमध, हवा येते त्या जाळीच्या वर टेकवलं. "इथं बसले हायेत." मग बोट जरासं उजवीकडे सरकवलं. "अन् खंजिरी हातात इथं."

मोनोमध्ये डावं-उजवं नसतं. दोन्ही चॅनल एक आहेत हे मी स्वतः तपासलं आहे. खंजिरी उजवीकडे ऐकू येणं शक्य नाही. पण खंजिरी कोणत्या हाताने वाजते हे बाबांना माहीत आहे, आणि समोर माणूस दिसायला लागला की हातही दिसतो. मी काही बोललो नाही.

फेडर आणि बॅलन्सची सगळी तपासणी नंतर पुन्हा केली. सगळ्या ठिकाणी थाप टिकते. बॅलन्स टोकाला नेला तर आवाज कमी होतो, जायचा तेवढाच. जोडीने वाजले की वाढतो, जसा वाढायला हवा.

११ ऑक्टोबर, पंचमी

मोझरी. आर्वी, तळेगाव, तिवसा या वाटेने. गाडीत बाबा, मंडळातले दोन काकाजी आणि मी. तळेगावला हायवेला लागल्यावर टायरचा आवाज खालचा सूर झाकतो, तेव्हा बास दोन घरं वाढवावा लागला. वाढवला तर तो आला. आधी कितीही वाढवला तरी येत नव्हता.

४ वाजून ५८ मिनिटांनी मौन. एवढा मोठा जनसमुदाय, आणि कुठे आवाज नाही.

परत येताना मागच्या सीटवरचे एक काकाजी विचारत होते, "टेप नवा घेतला का रे?" बाबांनीच सांगितलं, "टेप तोच हाय. तारा सरळ केल्या पोरानं."

१२ ऑक्टोबर

चारही जोडांवर स्लीव्ह, प्रत्येकावर मार्करने अधिक-उणे आणि तारीख. मागच्या उजव्या स्पीकरच्या मॅग्नेटवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: आतल्या तारा ५ ऑक्टोबरला बदलल्या, खूण आता खरी. वायरिंगचा कच्चा नकाशा घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.

राहिलेलं: मागच्या उजव्याची किनार एका जागी सुटते आहे, गोंद लावायचा. डाव्या दाराच्या पॅडचे दोन क्लिप तुटले, आर्वीहून आणायचे. पुढेमागे दारात सुटे ट्विटर घेतले तर त्यांच्या क्रॉसओव्हरसोबतचा (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या डबीसोबतचा) कागद आधी वाचायचा. काही क्रॉसओव्हरमध्ये ट्विटर मुद्दाम उलटा जोडायला सांगतात, तिथे आपला सरळपणा चालवायचा नाही.

कालचे काकाजी गुरुवारी त्यांच्या मुलाची गाडी घेऊन येतो म्हणाले. तिचाही आवाज "मधात नाई". दीड व्होल्टचा नवा सेल आणून ठेवायचा.